लांबच्या सफरीत एका क्रूझवरून उतरून दुसरी धरताना: कागद, वेळ, सामान

तारकर्ली१२ (धागाकर्ता)

आठ महिन्यांचा बेत आखतो आहोत. दोघं जण, वय ७४ आणि ६९, भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा दोघांकडे. टप्पे असे:

सप्टेंबरात अलास्कातल्या व्हिटिअरहून व्हँकुव्हर, ७ रात्री. व्हँकुव्हरला दुसऱ्या कंपनीचं जहाज, होनोलुलूमार्गे सिडनी, २४ रात्री. सिडनी ते ऑकलंड तिसरं जहाज, ऑकलंडहून परत ऑस्ट्रेलियाला चौथं. मग सिंगापूर, आणि मार्च-एप्रिलात सिंगापूर ते बार्सिलोना.

प्रश्न: उतरणं आणि चढणं एकाच दिवशी ठेवावं का? मधल्या बंदरांत व्हिसा लागतो का, की आपण नुसते 'ट्रान्झिट'मध्ये? सामान एका जहाजावरून दुसऱ्यावर कोण नेतं? बुकिंग अजून कुठलंच पक्कं नाही, तेव्हा बेत मोडून काढलात तरी चालेल.

---

सुकाणू

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण एजंटसुद्धा गल्लत करतात. त्याच जहाजावर लागोपाठ दोन सफरी केल्या की ती बॅक-टू-बॅक. एका जहाजावरून उतरून दुसऱ्यावर चढलात की ती साइड-टू-साइड. बॅक-टू-बॅकवाल्याला जहाज 'ट्रान्झिट गेस्ट' म्हणून सांभाळतं: नवं कार्ड देतं, केबिन बदलली तर कपडे हँगरसकट नेतं, तपासणीसाठी वेगळ्या रांगेतून फिरवून आणतं. साइड-टू-साइडवाल्याचा पहिल्या जहाजाशी संबंध शिडी उतरताच संपतो आणि दुसऱ्या जहाजाच्या लेखी तो घरून आलेल्या कुठल्याही प्रवाशासारखाच. तुमचे सगळे टप्पे दुसऱ्या प्रकारचे आहेत.

आता वेळ. अदलाबदलीच्या दिवशी जहाज साधारण पहाटे ५ ते ७ दरम्यान धक्क्याला लागतं. कस्टम्स-इमिग्रेशनची परवानगी मिळाल्यावर ७ ते ७.३० ला उतरणं सुरू होतं. स्वतःचं सामान स्वतः ओढत उतरणारे पहिले, मग रंगीत टॅगांप्रमाणे बाकीचे. शेवटचा गट साडेनऊपर्यंत. दुसरं जहाज चढवायला घेतं ११-११.३० च्या सुमारास, कारण त्याचेही आधीचे प्रवासी उतरायचे असतात आणि अमेरिकी बंदरांत तर जुन्यांची मोजणी शून्यावर आल्याशिवाय नव्यांना आत घेत नाहीत. चेक-इन जहाज सुटण्याच्या ६० ते ९० मिनिटं आधी बंद होतं. ४ ला सुटणार असेल तर २.३० ही तुमची शेवटची वेळ धरा. प्रवाशांची अंतिम यादी त्यानंतर अधिकाऱ्यांकडे जाते, त्यामुळे धक्क्यावर उभं राहून विनवण्या करून काही होत नाही.

म्हणजे कागदावर हातात पाच तास. एकाच धक्क्यावर बदलायचं असेल तर ते भरपूर. व्हँकुव्हरला बहुतेक सगळी जहाजं कॅनडा प्लेसलाच लागतात, बदल चालत होतो. फक्त तिथे एका दिवशी तीन जहाजं असली की तपासणीची रांग लांबते. सिडनीला मात्र दोन जागा आहेत: सर्क्युलर कीचं ओव्हरसीज पॅसेंजर टर्मिनल आणि हार्बर ब्रिजच्या पलीकडचं व्हाइट बे. उंच जहाजं पुलाखालून जात नाहीत म्हणून ती सर्क्युलर कीलाच लागतात, बुटकी व्हाइट बेला पाठवतात. व्हाइट बेला रेल्वे नाही, टॅक्सी नाहीतर कंपनीची बस. सिंगापूरलाही दोन: मरिना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर नुसतं 'सिंगापूर' छापलेलं असतं. टर्मिनलचं नाव बंदराच्या वेळापत्रकात पाहा, आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा, कारण धक्का ऐनवेळी बदलतो.

माझं मत: एकच धक्का असेल, कंपनी तीच असेल, तर त्याच दिवशी. कंपनी वेगळी असेल तर मध्ये एक रात्र. आधीची सफर महासागर ओलांडून येत असेल तर दोन. २४ रात्रींच्या पॅसिफिक सफरीनंतर सिडनीत दोन रात्री हॉटेल, यात घासाघीस करू नका.

---

मीनाक्षी_न्यूजर्सी

सुकाणू यांच्याशी सहमत. अमेरिकेच्या बाजूचा एक कायदा जोडते, कारण यात जहाज बदलणं हाच उपाय असतो.

पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट, १८८६ चा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचा उतरवता येत नाही, मध्ये एखादं 'दूरचं परदेशी बंदर' झाल्याशिवाय. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशाच झेंड्यांची. कॅनडा, मेक्सिको, बहामा, बर्म्युडा आणि बहुतेक कॅरिबियन बेटं 'जवळची' धरतात. अरूबा, बोनेअर, कुरासाओ आणि कोलंबियाचं कार्ताखेना 'दूरची', कारण ती दक्षिण अमेरिकेत मोजतात. मोडल्यास दंड माणशी नऊशे डॉलरच्या वर आणि कंपनी तो प्रवाशाच्या बिलात घालते.

गोम अशी की त्याच जहाजावरच्या लागोपाठच्या सफरी कायदा एकच प्रवास म्हणून मोजतो. व्हिटिअर ते व्हँकुव्हर एक बुकिंग, व्हँकुव्हर ते होनोलुलू दुसरं, जहाज तेच, आणि होनोलुलूला उतरलात: हा व्हिटिअर ते होनोलुलू प्रवास झाला. मध्ये फक्त व्हँकुव्हर, म्हणजे जवळचं बंदर. उल्लंघन. व्हँकुव्हरला जहाज बदललंत की ते दोन स्वतंत्र प्रवास. तुम्ही सिडनीपर्यंत जाताय म्हणून तुम्हाला तसाही त्रास नाही, पण पैसे वाचवायला दुसरी सफर होनोलुलूपर्यंतच घ्यावी असं मनात आलं तर जहाजाचं नाव वेगळं आहे ना ते बघा.

---

रत्नांग्रीकर

मग व्हँकुव्हरला एक रात्र हॉटेलात झोपून दुसऱ्या दिवशी तेच जहाज पुढच्या बंदरात गाठलं तर?

---

मीनाक्षी_न्यूजर्सी

त्या भरवशावर बुकिंग करू नका. कंपनीची यंत्रणा जहाज आणि प्रवासी जुळवून पाहते आणि दोनपैकी एक बुकिंग रद्द करते. कधी लगेच, कधी पैसे भरून झाल्यावर महिन्याभराने. तोवर विमानाची तिकिटं काढलेली असतात. वेगळं जहाज घेतलं की वादच उरत नाही.

अवांतर, इकडच्या मंडळींसाठी: एच-१बी वर असाल आणि पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपला असेल तर ३० दिवसांच्या आतली 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन'ची (संपलेल्या शिक्क्यावर परत येऊ देण्याची) सवलत तुम्हाला फक्त कॅनडा-मेक्सिकोसाठी आहे. जवळच्या बेटांची सूट एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. बहामाची चार दिवसांची क्रूझ म्हणून शिक्क्याविना चढाल आणि परत येताना अडकाल. ग्रीनकार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतोच.

---

भरती_ओहोटी

तारकर्ली, 'ट्रान्झिट' हा शब्द डोक्यातून काढून टाका. सगळ्या व्हिसाच्या घोटाळ्यांचं मूळ तो आहे.

सकाळी उतरून संध्याकाळी त्याच जहाजावर परतणाऱ्या प्रवाशाला बरेच देश सूट देतात. जपानमध्ये क्रूझ प्रवाशांसाठी खास उतरण्याचा परवाना आहे, तुर्कस्तानात दिवसाच्या फेरीला बंदरापुरती मुभा मिळते. ही सूट जहाजाच्या भरवशावर असते: हा माणूस ज्या जहाजाने आला त्याच जहाजाने जाणार. तुम्ही जहाज सोडलं की तो भरवसा संपला. मग तुम्ही त्या देशात रीतसर आलेले पाहुणे. दुसरं जहाज समोर धक्क्यावर उभं असलं आणि तुम्ही देशात तीनच तास असलात तरी.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण न्यूझीलंडचं. क्रूझने येऊन क्रूझनेच जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला साधा एनझेडईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) पुरतो. पण ऑकलंडला उतरून विमान धरायचं किंवा विमानाने येऊन जहाज धरायचं असेल तर व्हिझिटर व्हिसा. तुम्ही ऑकलंडला जहाज बदलणार आणि मध्ये हॉटेलात राहणार, तेव्हा व्हिझिटर व्हिसाच घ्या. ईटीए घेऊन गेलात तर सिडनीच्या चेक-इन काउंटरवरच अडवतील, कारण चुकीचा माणूस आणल्याचा भुर्दंड कंपनीला बसतो.

तुमच्या टप्प्यांप्रमाणे:

कॅनडा: भारतीय पासपोर्टला व्हिझिटर व्हिसा, बोटांचे ठसे द्यावे लागतात. अमेरिकेचा व्हिसा असला म्हणून सूट नाही (मेक्सिकोत आहे, तिथून हा गैरसमज येतो).

अमेरिका: अलास्काच्या आधी एकदा प्रवेश, होनोलुलूला पुन्हा. बी१/बी२ बहुधा अनेक प्रवेशांचाच असतो, तरी शिक्क्यावर 'एम' आहे का पाहा.

ऑस्ट्रेलिया: सबक्लास ६०० (पर्यटकांचा व्हिसा), आणि अनेक प्रवेशांचा. ऑकलंडहून परत येताय म्हणजे दुसरा प्रवेश. ७५ पूर्ण झालेल्या अर्जदाराला वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. तुम्ही ७४ चे, अर्ज वाढदिवसाच्या आधी गेला तर एक खेप वाचेल.

सिंगापूर: व्हिसा अधिकृत एजंटामार्फत, शिवाय पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन. समुद्रात इंटरनेट नसलं तर काय, हे आधीच ठरवा.

स्पेन: शेंगेन, अनेक प्रवेशांचा. शेंगेनमध्ये राहायच्या ९० दिवसांची मोजणी बार्सिलोनाला सुरू होत नाही, पहिल्या शेंगेन बंदराला होते. आफ्रिकेला वळसा घालून येणारी जहाजं बहुतेक वेळा कॅनरी बेटांना थांबतात, ती स्पेनची. मदेरा पोर्तुगालचं. आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस मोजतात. पुढे भूमध्यात आणखी जहाजं घ्यायची असतील तर क्रोएशियात दिवस 'वाचवण्याची' जुनी युक्ती आता चालत नाही, १ जानेवारी २०२३ पासून तेही शेंगेनमध्ये. माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान बाहेर आहेत.

पासपोर्ट सफरीच्या शेवटच्या तारखेच्या पुढे सहा महिने चालणारा हवा, आणि नवा काढणार असाल तर ६० पानी मागा. ३६ पानी पासपोर्ट अशा एका सफरीत अर्धा संपतो.

---

सुकाणू

पासपोर्टावरून आठवलं. आशियात आणि काही भूमध्य सफरींत चढतानाच पासपोर्ट रिसेप्शनवर जमा करून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात. परत घेताना तिथेच उभं राहून पान उघडून बघा, प्रवेशाचा शिक्का पडलाय का. बॅक-टू-बॅकवाल्यांच्या गठ्ठ्यात चुकून तुमचा गेला तर शिक्क्याविना येतो, आणि दुसऱ्या जहाजावर चढताना इमिग्रेशनवाला विचारतो, 'आलात कधी?' काही देश आता शिक्के मारतच नाहीत, तिथे ईमेलवर आलेली पोच फोनमध्ये उतरवून ठेवा.

---

गॅलीवाला

सामानाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून.

दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये सामान कोणीही नेत नाही. एकाच कंपनीची दोन जहाजं एकाच धक्क्यावर असतील तर क्वचित नेतात. शेवटून दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला विचारा, पोर्ट एजंटला विचारून सांगतात. पण कस्टम्ससमोर सामान तुम्हालाच न्यावं लागतं, त्यामुळे 'नेतो' म्हटलं तरी हॉलमधून ते ओळखून घ्यायचं काम तुमचंच.

आदल्या रात्री १०-११ पर्यंत टॅग लावून बॅग दाराबाहेर ठेवायची, ही नेहमीची पद्धत. यात दोन चुका ठरलेल्या. एक, सकाळची औषधं, चार्जर आणि बूट त्याच बॅगेत जातात. पायजम्यावर उतरलेली मंडळी दर फेरीला दोन-चार असतातच. दोन, हुशारीने दुसऱ्या जहाजाचा टॅगही रात्रीच लावून ठेवतात. टर्मिनलवर सामान वाचणारा माणूस घाईत असतो, दोन टॅग दिसले की बॅग बाजूला. दुसरा टॅग कस्टम्स पार करून बाहेर आल्यावर लावा. छापील टॅग प्लास्टिकच्या पाकिटात, सोबत छोटा स्टेपलर हातपिशवीत.

तुमच्या वयाला शक्य असेल तर माणशी एकच मोठी बॅग, १८-२० किलोच्या आत, चार चाकांची. त्याहून जड बॅग टॅक्सीच्या डिकीत चढवताना पाठ धरते आणि पुढचं जहाज डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातं. आठ महिन्यांचे कपडे नेऊ नका, १० दिवसांचे न्या. धुलाई उतरायच्या दोन दिवस आधी द्या. शेवटच्या दिवशी दिलेले कपडे ओले परत येतात किंवा येतच नाहीत.

एका जहाजावर चाललेली वस्तू दुसऱ्यावर चालेलच असं नाही. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, छोटा राइस कुकर: सगळीकडे जप्त. सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन बोर्डही. साधा यूएसबी हब चालतो. पहिल्या जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बाटली शेवटच्या रात्री मिळते आणि दुसऱ्या दिवशी नव्या जहाजाच्या एक्स-रेमध्ये पकडून पुन्हा तिथल्या शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवून घेतात. काही कंपन्या तीही ठेवून न घेता टाकून देतात. वाइनची ७५० मिलीची माणशी एक बाटली चढताना बहुतेक ठिकाणी चालते.

आणि खाणं. शाकाहारी, जैन, बिनलसणाचं, जे काही असेल ते प्रत्येक बुकिंगवर वेगळं नोंदवा, निदान ६० दिवस आधी. पहिल्या जहाजाचा निरोप दुसऱ्याकडे जात नाही. पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला भेटून उद्याचं आज सांगायचं. भारतीय जेवण बहुतेक मोठ्या जहाजांवर रोज असतं, मेन्यूवर नसलं तरी. गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) गोव्याचा नाहीतर कोकणातला कोणी भेटला की वरणभातही होतो.

---

इंदुमती_पाकघर

गॅलीवाला यांच्या प्रतिसादाला +१, पण घरच्या डब्यांचं सांगायचं राहिलं.

खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेली वस्तू आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. नुसत्या पुडीचीच गोष्ट नाही, घरी केलेल्या गोड्या मसाल्यात खसखस असते, अनारशांवर असते, काही जणी मेथीच्या लाडवात घालतात. तो डबा सिंगापूरच्या आधी संपवा किंवा पहिल्यापासून बिनखसखशीचा करून घ्या.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. मेतकूट, चिवडा, लोणचं, सुपारी, तीळ, सगळं. जाहीर केलं आणि नको असलं तर काढून घेतात, बस. लपवलं तर न्यूझीलंडमध्ये जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. जहाजाच्या बुफेतलं सफरचंद किंवा केळं पिशवीत राहिलं तरी हाच नियम. कुत्री पिशव्या हुंगत धक्क्यावर फिरत असतात.

---

डॉ_शंखपुष्पी

औषधांचं गणित या बेतात चुकण्याची सर्वाधिक शक्यता आहे. आठ महिन्यांच्या गोळ्या एकदम नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्हीकडे स्वतःसाठी प्रिस्क्रिप्शनच्या औषधांची मर्यादा ३ महिन्यांची आहे. मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह, चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव. 'पॅन-४०' ऑकलंडच्या फार्मासिस्टला कळणार नाही, पँटोप्राझोल कळेल. पुढचा साठा मध्ये कोणी भेटायला येणार असेल तर त्यांच्याकडून, नाहीतर तिथल्या डॉक्टरला दाखवून. कुरिअरने जहाजावर औषध मागवण्याचा विचार करू नका, कस्टम्समध्ये पडून राहतं आणि जहाज निघून जातं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या सिंगापुरात आधी परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नयेत.

चढताना आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. गेल्या दोन-तीन दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या का, हा त्यातला मुख्य प्रश्न. पहिल्या जहाजावर पोट बिघडून केबिनमध्ये बसवलं असेल तर उतरण्यापूर्वी तिथल्या दवाखान्याकडून 'लक्षणं अमुक तारखेला थांबली' असं लेखी घ्या. नाहीतर दुसरं जहाज आल्याआल्या पुन्हा केबिनमध्ये बसवेल. हाही मध्ये एक-दोन रात्री ठेवण्याचा फायदा.

पीतज्वर: सिंगापूर ते बार्सिलोना जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पीतज्वर असलेल्या देशांत थांबलं तर लस घ्यावीच लागेल. प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. तसल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राविना भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवतात. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे टोचून मिळते. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि या वयात गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. डॉक्टर नको म्हणाले तर तो मार्गच सोडायचा.

---

धुकं_आणि_दिवा

बंदरांच्या नावांनी फसू नका, हे लिहायला लॉगिन केलं.

भूमध्यात पुढे जहाजं बदलणार असाल तर: 'व्हेनिस' लिहिलेलं असतं आणि जहाज राव्हेन्ना नाहीतर त्रिएस्तेला लागतं. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुद्देक्का कालव्यातून जायला बंदी आहे. राव्हेन्ना आणि त्रिएस्ते दोन्ही व्हेनिसहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, विरुद्ध दिशांना. एक जहाज राव्हेन्नाला सोडून दुसरं त्रिएस्तेला धरायचं असेल तर तो दिवस गेलाच. 'रोम' म्हणजे चिव्हितावेक्किया, ७०-८० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, 'बँकॉक' बहुधा लेम चाबांग. बार्सिलोनात टर्मिनल एकाहून जास्त आहेत, सामानासकट मधलं अंतर चालण्यासारखं नसतं.

फ्लोरिडातही तेच. मायामी आणि फोर्ट लॉडरडेल ४०-४५ किलोमीटर, पोर्ट कॅनाव्हेरल त्याच्या कित्येक पट दूर.

आणि बंदरच बदललं तर? २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा की ब्रिज कोसळला आणि बंदराचं तोंड बंद झालं. तिथे परतणारी क्रूझ जहाजं नॉरफोकला वळवली. कंपन्यांनी बसने प्रवाशांना बाल्टिमोरला आणून सोडलं, पण पुढचं जहाज ज्याने त्याने स्वतः घेतलेलं असेल तर ते चुकल्याची जबाबदारी पहिल्या कंपनीवर येत नाही. करारातच लिहिलेलं असतं. एवढं मोठं कारण लागतही नाही. टँपा आणि गॅल्व्हेस्टनला हिवाळ्यात धुक्याने वाहिनी बंद ठेवतात, जहाज बाहेर नांगरून दुपारपर्यंत उभं.

तांबड्या समुद्राचंही. २०२३ च्या अखेरीपासून आशिया-युरोप स्थलांतराच्या (जहाज हंगामापुरतं दुसरीकडे हलवण्याच्या) बऱ्याच सफरी सुएझऐवजी आफ्रिकेच्या केपमार्गे वळवल्या, काही प्रवाशांविना नेल्या. तुमचा शेवटचा टप्पा सगळ्यात डळमळीत आहे. तो सुएझमार्गे दाखवला असेल तर पैसे परत मिळणाऱ्या दरातच घ्या आणि सिंगापूर-बार्सिलोना विमानाचा पर्याय मनात धरा.

---

रत्नांग्रीकर

पैशाची बाजू, कारण तिथेच सगळे झोपतात.

चढताना कार्ड घेतात तेव्हा रोजच्या खर्चाइतकी रक्कम अडवून ठेवतात. उतरताना बिल वळतं झालं तरी आधीची अडवलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस जातात. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड दिलं तर ती तुमच्या खिशातली खरी रक्कम, कधी महिनाभर अडकते. लगोलग दुसऱ्या जहाजानेही त्याच कार्डावर अडवली की तिसऱ्या दिवशी कार्ड नाकारलं जातं. म्हणून दोन वेगळी क्रेडिट कार्डं, एकाआड एक जहाजाला. फॉरेक्स कार्ड फक्त किनाऱ्यावर.

जहाजावरचं 'ऑनबोर्ड क्रेडिट' (तिथे खर्चायला कंपनीने दिलेली रक्कम) परत मिळणारं आणि न मिळणारं असं दोन प्रकारचं. न मिळणारं शेवटच्या रात्री संपवा, पुढच्या जहाजावर जात नाही, तीच कंपनी असली तरी. इंटरनेट आणि पेयांचं पॅकेजही सफरीबरोबर संपतं. टिप माणशी रोज सोळा ते वीस डॉलर धरा, आठ महिन्यांत ती मोठी रक्कम होते. शेवटच्या सकाळी बिल कागदावर घ्या.

सगळ्यात वाईट सापळा ओटीपीचा. पूर्ण पैसे भरायची तारीख सफरीच्या ७५ ते १२० दिवस आधी असते. म्हणजे तुमच्या तिसऱ्या-चौथ्या जहाजाची तारीख तुम्ही पॅसिफिकच्या मधोमध असताना पडणार. भारतीय सिमवर ओटीपी येत नाही, जहाजाचं मोबाइल नेटवर्क चालू केलं तर बिल भयानक, पैसे भरले गेले नाहीत की बुकिंग आपोआप रद्द. निघण्याआधी सगळ्या तारखा एका कागदावर काढा आणि समुद्रात पडणाऱ्या आधीच भरा.

भारतातल्या एजंटाकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापला जातो. दर बजेटात बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीचा पाहा. रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकलेला असतो.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूला. सिडनीत भारतीय वाणिज्य दूतावास आहे. किंवा फोनवरून चेहरा ओळखून होणारं जीवन प्रमाण निघण्याआधी एकदा चालवून बघा.

---

सुकाणू

विमा राहिला. भारतातल्या बऱ्याच पॉलिसी एका फेरीला १८० दिवसांपर्यंतच असतात आणि वर्षभराच्या 'मल्टि-ट्रिप' मध्ये प्रत्येक फेरी ३०, ४५ किंवा ६० दिवसांचीच. तुमचे आठ महिने त्यात बसत नाहीत. मुदतवाढ लेखी मिळते का आणि मध्ये दावा केलेला असला तर मिळते का, हे आधी विचारा. देशाबाहेर असताना नवी पॉलिसी घेणं अवघड. 'मिस्ड कनेक्शन' बहुधा विमानाच्या उशिराला लागू असतं, एक जहाज उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर लागू आहे का, ते कलम शब्दशः वाचा. समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलणं धरलंय का तेही.

आणखी एक, तुमच्या व्हँकुव्हर-सिडनी टप्प्यासाठी: पश्चिमेला जाताना तारीखरेषा ओलांडली की एक तारीख गळते. २५ सप्टेंबरला निघून २४ रात्री मोजल्या तर १९ ऑक्टोबर येते, जहाज पोचतं २० ला. रात्री मोजून सिडनीचं हॉटेल किंवा पुढचं जहाज ठरवू नका, कंपनीच्या वेळापत्रकातली छापील तारीखच घ्या.

---

तारकर्ली१२

सगळ्यांचे आभार. बदल असे: व्हँकुव्हरला एक रात्र, सिडनीला दोन, ऑकलंडला एक. ऑस्ट्रेलियाचा अर्ज याच महिन्यात, न्यूझीलंडचा पूर्ण व्हिसा. शेवटचा टप्पा पैसे परत मिळणाऱ्या दरात, पीतज्वराची लस डॉक्टरांना विचारून, नाहीतर सिंगापूरहून विमान. फक्त एक: व्हिटिअरला पोचायला अँकरेजहून किती वेळ धरावा? नकाशावर शंभर किलोमीटरच दिसतं.

---

धुकं_आणि_दिवा

अंतर तेवढंच आहे, पण शेवटी बोगदा आहे. सुमारे चार किलोमीटर, एकच लेन, तीही रेल्वेबरोबर वाटून घेतलेली. प्रत्येक दिशेला ठरलेल्या वेळीच सोडतात, साधारण तासातून एकदा. एक खेप चुकली की तास गेला, रेल्वेगाडी आली की आणखी. चेक-इन बंद होण्याच्या निदान पाच तास आधी अँकरेज सोडा. रेल्वेनेही जाता येतं. जहाजाच्या दिवशी कंपनीच्या बसही असतात, त्यांची जागा ऑनलाइन चेक-इन करतानाच मागून ठेवा.

---

गॅलीवाला

आणि बसमध्ये बॅगा खाली जातात, थेट टर्मिनलवर निघतात. पासपोर्ट आणि औषधं हातात ठेवा.